मुळ्ळेलीची वेळ

राघोत्तमचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात त्यानं छत्तीस वर्षं फिटरचं काम केलं होतं, त्यातली बहुतेक पहिल्या पाळीत. निवृत्त झाला तरी डोळा त्याच वेळेला उघडायचा. पूर्वी उठायला कारण होतं. नंतर दोन वर्षं ते नव्हतं. ती दोन वर्षं तो नुसता खाटेच्या कडेवर बसून राही, आणि बायको तुळसी कूस बदलून म्हणे, "पंखा फुकट फिरतोय आणि तुम्ही फुकट बसलाय. झोपा की."

मग मुळ्ळेली आली.

तमिळमध्ये मुळ्ळेली म्हणजे काट्यांचा उंदीर. पण ती उंदीर नव्हे, आणि साळिंदराशीही तिचं नातं नाही. करवंटीएवढा जीव, पाठभर आखूड दाट काटे, पुढं ओलं टोकदार नाक. घाबरली की हातपाय आत ओढून चेंडू होते आणि भीती संपेपर्यंत चेंडूच राहते. दिवसा कुठंतरी पाल्यात झोपते, अंधार पडला की किडे, वाळवी, भुंगे शोधत हिंडते. मद्रासच्या आसपास एके काळी पुष्कळ होत्या म्हणतात. राघोत्तमचं घर आवडीच्या पुढं, गाडीनं पंधरा मिनिटांवर होतं. मागच्या कुंपणभिंतीला लागून सात-आठ एकर रान होतं. वेड्या बाभळी, निवडुंग, वारुळं. जमिनीचा वाद कोर्टात अडकला होता म्हणूनच ते रान राहिलं होतं.

पहिल्यांदा त्याला ती दिसली नाही, तिचे पाय दिसले. तुळसी मागच्या दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायची तो तांदळाच्या पिठाचा. दुकानात मिळते ती दगडाची भुकटी तिला चालत नसे. मुंग्यांच्या तोंडी चार कण पडले पाहिजेत, ही तिच्या तंजावरच्या माहेरची शिस्त. एका पहाटे त्या कोलमवर पुसट वाट पडलेली राघोत्तमला दिसली. बाजूला ठसे होते. तो गुडघे टेकून बसला, चष्मा पुसला आणि मोजले.

"पाच," तो म्हणाला.

"काय पाच?"

"पुढच्या पायाला बोटं पाच. उंदराला चार असतात."

"बरं जालं," तुळसी म्हणाली. "मला वाटलं पाच वाजले, आणि दूध आणायचं राहिलं."

त्या दिवसापासून राघोत्तमला काम मिळालं.

त्यानं ते कारखान्यातल्यासारखंच केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पंधरा दिवस बघायचं, मगच पुढची. आधी त्यानं बशीत दूध ठेवलं. ते संपत होतं, पण दोन-तीन दिवसांत परसात पातळ हिरवट लेंड्या दिसू लागल्या. त्यानं दूध बंद केलं आणि मडक्याचं उथळ झाकण पाण्यानं भरून ठेवलं. लेंड्या सुधारल्या. मग कडुनिंबाचा आणि केळीचा पाला एका कोपऱ्यात गुडघाभर रचला. नारळाचं कुजकं खोड लांबून खांद्यावर आणून टाकलं, कारण त्यात भुंग्यांच्या अळ्या धरतात. घरात फिनाइल बंद केलं, झाडांवरचं औषध बंद केलं, मागचा दिवा काढून टाकला. विजेरीच्या काचेवर मिठाईच्या खोक्यातला लाल कागद बांधला. लाल उजेडाला ती बुजत नसे.

शेवटी भिंतीचं काम. रानात जायला-यायला ती कुठंतरी खालून माती उकरत होती. राघोत्तमनं छिन्नीनं जमिनीलगत पाच इंची चौकोनी भोक पाडलं. त्यात दोन दिवस गेले. कडा सिमेंटनं गुळगुळीत केल्या, काटा अडकू नये म्हणून. भोकापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून पाल्यापर्यंत त्यानं विटांच्या दोन बुटक्या ओळी लावल्या. मधली वाट वीतभर रुंद. मुळ्ळेली भिंतीच्या कडेकडेनं चालते, विटेच्याही कडेनं चालेल, असा त्याचा हिशेब होता. तो बरोबर निघाला. आठवडाभरात ती त्या वाटेनं येऊ-जाऊ लागली. मागच्या दारात स्टूल टाकून बसलं की सगळं दिसे.

दाराशेजारी त्यानं पाटी टांगली. रोज पहाटे ती भोकातून रानात परत जाई ती वेळ पाटीवर लिही. चार दहा. चार वीस. चार पंधरा. महिना संपला की वहीत उतरवून पाटी पुसायची. सव्वाचारच्या पुढंमागं पाच मिनिटं, ह्यापलीकडे ती कधी गेली नाही. कारखान्यातसुद्धा इतकी वेळ पाळणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. हे त्यानं कोणाला बोलून दाखवलं नाही. कारखान्यात पुण्या-नागपूरकडचे लोक त्याच्या तंजावरी मराठीला हसत, तेव्हापासून तो कमीच बोलायचा.

दुसऱ्या वर्षी मुलगा गिरिधर बायको-मुलीला घेऊन राहायला आला. तो ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तिथलं भाडं परवडेना. त्याची स्वतःची गाडी रस्त्यावर कापड पांघरून उभी असे, आणि येता-जाता तो परसाकडे बघे.

"अप्पा, एवढी जागा पाला कुजवायला?"

"हो."

"फरशी केली तर गाडी आत येईल."

"गाडीला पाय नाहीत. बाहेर उभी राहिली तर काय दुखणार आहे?"

नात लावण्या पाच वर्षांची. तिला मराठीपेक्षा तमिळ जवळची. पहाटे जाग आली की ती चादर ओढत मागच्या दारात येई आणि आजोबांच्या गुडघ्याला टेकून कुजबुजे, "ताता, वंदाच्चा?" म्हणजे, आली का? राघोत्तम बोट वर करी. दोघं गप्प बसत. मुळ्ळेली नाकानं सू-सू करत विटांच्या मधून जाई, भोकापाशी थांबे, हवा हुंगे आणि निघून जाई. मग लावण्या स्वतः अंगाचा चेंडू करून जमिनीवर लोळे. राघोत्तमला हसताना बघायचं असेल तर ती एकच वेळ होती.

गणपतीच्या सुमारास लावण्याला डांग्या खोकला झाला. घर बदलण्याच्या गडबडीत पाचव्या वर्षाची लस राहून गेली होती. ढास लागली की पोर श्वास घ्यायची थांबे, ओठ निळे पडत, शेवटी लांब शीळ घातल्यासारखा आवाज करून हवा आत ओढी आणि खाल्लेलं सगळं ओकून टाकी. डॉक्टरांनी औषध दिलं. औषध संपलं तरी खोकला राहिला. राहणारच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन महिने लागतील, हळूहळू उतरेल. पण पोरीचे ओठ निळे पडताना दोन महिने कोण धीर धरतो?

पलीकडच्या गल्लीत राघोत्तमची मोठी बहीण राहायची, राजसबाई. विधवा, सत्तरी ओलांडलेली, आवाज अजून खणखणीत. ती आली, पोरीची एक ढास पाहिली आणि सरळ परसाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"राघू, औषध घरात पाळलंयस आणि डॉक्टरच्या दारात काय हिंडतोस रे?"

राघोत्तमला ते ठाऊक होतं. लहानपणी त्यालाही दिलं होतं. मुळ्ळेलीचं काटेरी कातडं पळीत घालून जाळायचं, राख मधात कालवून चाटवायची. तंजावर भागात घरोघरी असं वाळलेलं कातडं आढ्याला टांगलेलं असे.

"नक्को अक्का," तो म्हणाला. "औषध देऊन झालंय. उतरेल."

"तू जगलास तो कशानं?"

"तो खोकला आपोआप जातो म्हणून."

"अय्यो! ऐकलंस का तुळसी? ह्याला आईनं वाचवलं नाही, हा आपोआप वाचला. नात मोठी का उंदीर मोठा, तेवढं सांग मला."

"तो उंदीर नाही."

"हेच उत्तर का तुझं?"

तुळसी खाली वाकली होती, लावण्याचं ओकलेलं पुसत होती. राघोत्तमनं तिच्याकडे पाहिलं, तिनं वर पाहिलं नाही. खरं तर तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. आयुष्यभर त्यानं लोखंड ओळखलं. हातात घेतलं की कुठं चीर आहे ते सांगायचा. घरातलं माणूस त्याला तितकं कधी कळलं नाही.

तीन दिवसांनी संध्याकाळी लावण्याला फार मोठी ढास आली. गिरिधर, त्याची बायको आणि राघोत्तम तिला गाडीत घालून मद्रासला, एग्मोरच्या मुलांच्या इस्पितळात घेऊन गेले. रात्रभर तिथं ठेवून घेतलं. सकाळी डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, छाती साफ आहे, वाईट दिवस सरले, आता रोज थोडं कमी होत जाईल, पोटभर एकदम खाऊ घालू नका. राघोत्तमला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याची एक पहाट पाटीवर लिहायची राहिली होती. ते त्याच्या मनात आलं, आणि अशा वेळी असलं काही मनात यावं ह्याची त्याला लाजही वाटली.

दुपारी घरी पोचले. दारातच त्याला वास आला. केस जळल्याचा, शिंग जळल्याचा. स्वयंपाकघरात राजसबाई लोखंडी पळी खाली ठेवत होती. तुळसीच्या हातात मधाची बाटली होती.

राघोत्तम मागच्या दारात गेला. विटांच्या वाटेच्या टोकाला, भोकाजवळ, ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं पडलं होतं. तो परत आत आला.

"वेळ कोणी सांगितली?"

राजसबाईनं तुळसीच्या हातातून मधाची बाटली घेतली.

"तुळसी. वेळ कोणी सांगितली?"

"पाटीवर होती," तुळसी म्हणाली. मग रडत म्हणाली, "ती निळी पडते हो. तुम्हाला दिसत नाही का, ती निळी पडते!"

"दिसतं."

"मग?"

ह्या "मग"ला त्याच्याकडे उत्तर होतं. एग्मोरच्या डॉक्टरीणबाईंचं वाक्य त्यानं घरापर्यंत जपून आणलं होतं. पण ते आता सांगून कोणाला काय मिळणार? राजसबाईनं मधात कालवलेली राख बोटावर घेऊन पुढं धरली. लावण्यानं बोट चाटलं, गोड लागलं, अजून मागितलं.

पोर बरी झाली. आठ दिवसांत ढासा निम्म्यावर आल्या. पंधराव्या दिवशी ती अंगणात धावत होती. सून रम्या एकदाच, नवऱ्याला ऐकू जाईल एवढंच म्हणाली की डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं. बाकी सगळ्यांसाठी पोर राखेनं बरी झाली. राजसबाईनं ते देवळात सांगितलं, रेशनच्या रांगेत सांगितलं, बसस्टॉपवर अनोळखी माणसाला सांगितलं.

लावण्या पहाटे चादर घेऊन दारात आली.

"ताता, वंदाच्चा?"

"नाही."

"एप्पो वरुम?" कधी येणार?

"झोप जा."

त्यानं तिला सांगितलं नाही. पुढंही कधी सांगितलं नाही. तो स्टुलावर बसून राही ते सवयीनं. पाटी त्यानं खिळ्यावरून काढून खाटेखाली सरकवली होती.

मग एका पहाटे भोकातून दोन पिल्लं आत आली.

तिला पिल्लं होती, हे त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षं मोजमाप ठेवून मुख्य गोष्टच हुकली होती. भिंतीपलीकडे कुठंतरी बिळात असणार. आईमागून एकदोनदा आली असणार, तो झोपल्यावर, आणि वाट शिकली असणार. लिंबाएवढाली, काटे अजून फिकट. विटांच्या मधोमध एकामागून एक चालत ती पाण्यापाशी गेली, प्याली, पाल्यात शिरून खुडबुडली, आणि सव्वाचारला, आईच्याच वेळेला, त्याच वाटेनं परत गेली. राघोत्तमनं विजेरी विझवली. त्यानं कोणाला सांगितलं नाही. तुळसीलाही नाही. ह्या वेळी काही लिहिलंही नाही.

पण गल्लीला सांगायची गरज नव्हती. माणसं येऊ लागली होती. आधी दिवसा, रीतसर, हातात केळी घेऊन. कोणाच्या मुलाला खोकला, कोणाच्या नातवाला दमा.

"अण्णा, एकच काटा द्या."

"नाही."

"तुमच्या नातीला चालला, आमच्या पोराला नाही का?"

"दवाखान्यात जा. लस फुकट असते."

"लस तुमच्या नातीला का नाही दिलीत मग?"

ह्यावर तो दार लावून घेई. ते बरोबरच बोलत होते.

पाचव्या दिवशी पहाटे एकच पिल्लू परत जायला निघालं. भोकाजवळ आलं, थांबलं, हवा हुंगली आणि मागे फिरून पाल्यात घुसलं. राघोत्तमला ते खटकलं. उजाडल्यावर तो वळसा घालून रानाच्या बाजूला गेला. भोकाच्या तोंडाशी, भिंतीत दोन खिळे ठोकून, युरियाच्या गोणीचं तोंड अडकवलेलं होतं. नीट बसलेलं होतं. भोक चौकोनी, कडा सरळ, गोणी बसायला काहीच अडचण नव्हती. जमिनीवर दुसऱ्या गोणीचा ओढल्याचा माग होता. ती घेऊन कोणी आधीच गेलं होतं आणि दुसरी लावून ठेवली होती, उरलेल्यासाठी.

तो तिथं उकिडवा बसला. गोणी काढली, खिळे उपटले. कोणाचा राग करावा हे त्याला ठरवता येईना. कारखान्यात तो जिग बनवायचा. जिग म्हणजे भाग पकडून धरणारा साचा, त्यात घातलेला प्रत्येक तुकडा दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात बसतो, मग भोक पाडणारा आंधळा असला तरी चालतो. इथं त्यानं तेच केलं होतं. रानातला जीव रोज वेगळ्या वाटेनं जातो, म्हणून जगतो. ह्यानं त्याला एक वाट, एक दार, एक वेळ लावून दिली. पातेलं पालथं घालायला मग म्हातारी बाईही पुरली.

त्यानं मनाशी ठरवलं: राहिलेलं एक बाहेर काढायचं, आणि पुन्हा आत येऊ द्यायचं नाही.

घाई करून चालणार नव्हतं. पिल्लू पाल्यात होतं. हातानं उचललं तर बुजून कुठंही शिरलं असतं. त्यानं पाण्याचं झाकण उचललं. कुजकं खोड पहारीनं फोडलं, आतल्या अळ्या मुंग्यांना नेऊ दिल्या. विटा मात्र तशाच ठेवल्या, बाहेर जायला तीच वाट पिल्लाला ठाऊक होती म्हणून. पहिल्या रात्री ते बाहेर आलं, पाण्याच्या जागेभोवती फिरलं, परत पाल्यात. राघोत्तम भिंतीच्या पलीकडे, रानाच्या बाजूला, भोकाशेजारी स्टूल टाकून बसला होता. हातात काठी. दोन माणसं विजेरी घेऊन आली, त्याला पाहून विड्या पेटवल्या आणि गेली. दुसऱ्या रात्री तेच. गुडघे धरले, छत्तीस वर्षं उभं राहून फुगलेल्या शिरा ठणकल्या.

तिसऱ्या पहाटे गिरिधर त्याला शोधत आला.

"अप्पा, हे काय चाललंय? लोक काय म्हणतील?"

"हळू बोल."

"एका उंदरापायी—"

"तो उंदीर नाही," राघोत्तम म्हणाला, आणि काठीनं खूण केली.

पिल्लू भोकाच्या तोंडाशी आलं होतं. लाल उजेडात नाक हललं. तहानलेलं होतं, अंगानं चपटं झालेलं. थांबलं. मग दोन माणसांच्या पायांमधून सरळ निघालं आणि बाभळींच्या खाली दिसेनासं झालं. जगेल की नाही, हे राघोत्तमला माहीत नव्हतं. आई नसलेलं, आयतं खायची सवय लावलेलं. त्याचा अंदाज विचारला असता तर त्यानं नाही असाच सांगितला असता.

गिरिधरनं बाभळींकडे मान वळवली. मग म्हणाला, "गेलं वाटतं."

"घमेलं आण."

"आत्ता?"

"आत्ताच. सिमेंट पायऱ्यांखाली आहे."

उजाडायच्या आत भोक बुजलं. राघोत्तमनं थापी फिरवून गिलावा भिंतीशी एकसारखा केला. मग विटा उचलल्या. पाला गोण्यांत भरला, एकवीस खेपा केल्या आणि रानात पार आत, वारुळांच्या पलीकडे, माणसं जात नाहीत तिथं नेऊन एका ठिकाणी न ओतता पसरून टाकला. तुळसीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो त्यानं घेतला. तिच्याशी तो आधीही फार बोलत नसे, त्यामुळे आता बोलत नाही हे बाहेरच्या कोणाला कळलं नसतं. तिला कळलं.

"अहो, मी काय करायला हवं होतं?" ती म्हणाली. "सांगा तरी."

त्यानं तांब्या परत दिला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"माहीत नाही," तो म्हणाला.

पण उघडी माती होती तोवर किडे होते, आणि किडे होते तोवर ते पिल्लू भिंतीखालून माती उकरून परत येणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याची आईही तशीच आली होती. संध्याकाळी गिरिधर ओरगडमहून आला तेव्हा राघोत्तम परसात दोरी लावून माप घेत होता.

"उद्या सिमेंट सांग. खडी पाऊण इंची. वाळू चाळलेली पाहिजे."

गिरिधर बघत राहिला. "अप्पा, खरंच? मी अर्धे पैसे—"

"तुझे नकोत."

कारखाना सोडताना जे मिळालं त्यातून ही जागा घेतली होती. उरलेलं त्यानं बँकेतून कधी काढलं नव्हतं. तुळसी नवा पंखा म्हणत होती, गिरिधर गाडीच्या वेळी आशेवर होता, दोघांना त्यानं नाहीच म्हटलं होतं. कशासाठी ठेवलं आहे, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आता बुधवारी जाऊन त्यानं ते काढलं.

गवंडी त्यानं लावला नाही. एक मजूर मालाला घेतला, बाकी स्वतः केलं. माती धुमसली, खडीचा थर दिला, पाणी वाहून जावं म्हणून आठ फुटांना एक इंच उतार काढला. कडेला, भिंतीला लागून, बोटभरही फट ठेवली नाही. चार दिवस गोणपाटं टाकून भिजवत ठेवलं. पाचव्या दिवशी उताराच्या आडवी लेव्हल लावून पाहिलं. पाण्यातला बुडबुडा कुठंही रेघेच्या बाहेर गेला नाही. शेजारचे बघायला आले, म्हणाले, अण्णा, हात अजून तसाच आहे तुमचा.

ओव्हरटाइमच्या, रविवारच्या, तापात काढलेल्या पाळ्यांची राघोत्तमची सगळी शिल्लक त्या चार इंच जाड काँक्रीटमध्ये गेली. आता त्यावर गिरिधरची गाडी उभी असते.